फिल्टर पिकेपर्यंत

पंप सुरू केला आणि दोन मिनिटांत माझी निम्मी बाग पाण्यावर तरंगायला लागली.

सकाळभर कोपरापर्यंत हात भिजवून मी ती झाडं लावली होती. पुढं बुटकं गवत, मागं व्हॅलिस्नेरियाची रिबिनीसारखी लांब पाती, मधे लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्यानं बांधलेलं जावा फर्न. तीन फुटी काचेची टाकी, तळाला माती, वर बारीक वाळू. आणि आता फिल्टरच्या तोंडातून असा झोत सुटला होता की वाळूत खड्डा पडला, खालची माती उधळली आणि एकेक रोपटं मुळासकट वर येऊ लागलं.

"बंद कर ते," मागून आवाज आला.

दारात आप्पा उभे होते. माझे सासरे, विश्वनाथ काशीद. लग्न होऊन या घरात येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात दिवसाला चार-पाच वाक्यांपलीकडे ते माझ्याशी बोलले नव्हते. माझ्याशीच असं नाही, कुणाशीच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा, उदय, पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा. एरवी घरात आम्ही दोघंच. आप्पांची नोकरी पाणीपुरवठ्यात झाली होती, एका लहान गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर. निवृत्तीला सहा वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली होती. का, असं एकदा उदयला विचारलं तर तो म्हणाला, "कंटाळले असतील."

मी पंप बंद केला.

"तासाला किती पाणी फिरवतो हा?" आप्पांनी विचारलं.

मी खोक्यावर वाचलं. "आठशे लिटर."

"टाकी कितीची?"

"एकशे दहाची."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे तासाला सात वेळा सगळं पाणी घुसळणार. पुराच्या पाण्यात कुणी गवत लावतं का?"

आणि ते आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते स्वयंपाकघरातलं लिटरचं माप आणि मनगटी घड्याळ घेऊन परत आले. खाली बसले, पंपाची नळी मापात धरायला सांगितली आणि सेकंद मोजायला लागले.

ही गोष्ट २००८ सालची, कराडची. घराच्या तळमजल्यावर मी दातांचा दवाखाना काढणार होते आणि अक्षय्य तृतीयेला त्याचं उद्घाटन होतं. मध्ये फक्त तीन आठवडे होते. दातांच्या डॉक्टरकडं आलेला माणूस बाहेर बाकावर बसूनच निम्मा गळालेला असतो. त्याच्या समोर हिरवीगार टाकी असावी, तिच्यात निळ्या-लाल निऑन माशांचा थवा फिरत असावा, असं मी कॉलेजात असल्यापासून ठरवलं होतं. निमंत्रणपत्रिकेवरही मासे छापून घेतले होते.

टाकीचं सामान मी कोल्हापूरच्या इक्बाल बागवान यांच्याकडून आणलं होतं. त्यांचं माशांचं दुकान वडिलांच्या काळापासूनचं. मी त्यांना फोन लावला आणि सांगितलं, तुमच्या फिल्टरनं माझी बाग उपटली.

"ताई, तुम्हीच म्हणालात, सगळ्यात दणकट द्या," इक्बालभाई म्हणाले. "झाडांच्या टाकीला एवढा जोर नको. एक करा, डब्याचा फिल्टर घ्या. डबा टाकीच्या बाहेर राहतो, आत स्पंज, खडे, सगळं थरानं. पाणी संथ येतं."

आप्पा कान लावून होते. "वीज गेल्यावर काय होतं, विचार त्यांना," ते म्हणाले.

मी विचारलं. तेव्हा आमच्याकडे दिवसाला सहा-सहा तास भारनियमन असायचं. इक्बालभाई म्हणाले, "काकांचं बरोबर हाय. बंद डब्यात पाणी थांबलं की पाणी साफ करणारे आतले जिवाणू गुदमरतात. चार-पाच तासांनी वीज आली की डब्यातलं सगळं कुजकं पाणी टाकीत."

"मग जिवाणू उघड्या पाण्यात हवेत," आप्पा म्हणाले. आता ते थेट फोनशी तोंड नेऊन बोलत होते. "टाकीच्या आतच. आणि हवेचा पंप बॅटरीवर."

"मोठा स्पंज फिल्टर," इक्बालभाई म्हणाले. "काका, तुम्ही या धंद्यातले का?"

"पाण्यातला आहे," आप्पा म्हणाले.

पुढचे दिवस आठवले की अजून मला हसू येतं. दवाखान्याचं रंगकाम चालू, खुर्ची यायची होती, नळजोडणी अर्धवट, आणि आम्ही दोघं टाकीपुढं बसलेले. आप्पांनी स्वतः फिल्टर बांधला. भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी, तिच्याभोवती जाड स्पंजाचा ठोकळा, खाली वजनाला खडे. हवेचे बुडबुडे नळीतून वर चढताना पाणी ओढून घेत आणि ते पाणी स्पंजातून गाळून येई. पहिल्यांदा त्यांनी नळीचं तोंड काचेकडे वळवलं, मग पुन्हा थोडं तिरकं केलं. पाण्यात शाईचा थेंब सोडून तो कसा फिरतो ते पाहिलं. व्हॅलिस्नेरियाची पाती हलकेच डुलायला लागली, एकही रोप उपटलं नाही, तेव्हा ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "आता चहा कर."

चहा पिताना ते मला शिकवत. मासे जे पाण्यात सोडतात, पानं कुजून जे सुटतं, त्याचं विष होतं. स्पंजाच्या छिद्राछिद्रांत न दिसणारे जिवाणू घर करतात आणि ते विष खाऊन टाकतात. स्पंज म्हणजे फक्त त्यांची चाळ. "पण चाळ बांधली म्हणून लगेच बिऱ्हाडं येत नाहीत," आप्पा म्हणाले. "आम्ही म्हणायचो, पाणी गाळायचा वाळूचा गाळा पिकायला लागतो. तसा हा पिकला पाहिजे. पाच-सहा आठवडे."

"आपल्याकडे तीन आहेत."

"मग मासे नंतर."

मी विषय तिथंच सोडला. मनात म्हटलं, तोपर्यंत बघू.

एका दुपारी मी वरच्या मजल्यावर पडले होते तर खालून हाक आली, "शलाका, लवकर ये." आप्पांचा चढलेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी धावत उतरले. ते टाकीपुढं वाकून उभे होते. प्रत्येक पानाच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे चिकटले होते आणि एकामागून एक सुटून वर जात होते. साऱ्या टाकीत चांदीच्या माळा लागल्या होत्या.

"झाडं हवा सोडतायत," ते म्हणाले. "मुळं धरली त्यांनी."

आम्ही दोघंही लहान मुलांसारखे काचेला नाक लावून उभे राहिलो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी घोळ केला. उद्घाटनाला आठ दिवस उरले होते. स्पंजावर तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती. हिरव्या झाडांत ती फार वाईट दिसत होती. आप्पा बाहेर गेले होते. मी स्पंज काढला, नळाच्या धारेखाली धरला आणि पांढरास्वच्छ होईपर्यंत पिळून धुतला. आप्पा आल्यावर मोठ्या उत्साहानं दाखवला.

ते तसेच खाली बसले.

"ती घाण नव्हती," ते म्हणाले. "तोच फिल्टर होता. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं मेले सगळे. धुवायचाच तर टाकीचंच पाणी बादलीत काढून त्यात दोनदा हलकं पिळायचं. बस."

"मग आता?"

"पहिल्यापासून."

मी त्यांना सॉरी म्हटलं. ते रागावले नाहीत. रोज सकाळी पाण्याची चाचणी घ्यायला लागले. इक्बालभाईंनी थेंबांची बाटली दिली होती. परीक्षानळीत पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष आहे. रोज हिरवं व्हायचं. टाकी मात्र दिवसेंदिवस सुंदर दिसत होती. पाणी इतकं नितळ की मागच्या भिंतीवरचा रंगाचा फटकारा दिसायचा. माझा धीर सुटत चालला होता.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी सकाळी सहाच्या एसटीनं मी कोल्हापूर गाठलं आणि चोवीस निऑन घेतले.

"पाणी तयार हाय न्हवं ताई?" इक्बालभाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

दहा वाजता मी फुगलेली पिशवी छातीशी धरून घरात शिरले. पिशवीत निळ्या ठिणग्या नाचत होत्या. आप्पा टाकीपाशीच होते. त्यांनी पिशवीकडं पाहिलं आणि टाकीच्या झाकणावर हात ठेवला.

"नाही."

"आप्पा, परवा माणसं येणार आहेत. पत्रिकेवर मासे आहेत. रिकामी टाकी ठेवू का?"

"ठेव."

"पाणी बघा तरी किती स्वच्छ आहे."

"दिसायला," ते म्हणाले.

"तुम्ही उगाच घाबरता. काही होत नाही." माझा आवाज चढला. "एवढी काळजी होती तर तीस वर्षांची नोकरी मधेच सोडून कशाला आलात?"

बोलले आणि तोंडातून निघालेलं परत घेता येईना. आप्पांचा हात झाकणावर तसाच होता.

"त्या दिवशीही पाणी असंच दिसत होतं," ते म्हणाले. "काचेसारखं."

मग उभ्यानंच त्यांनी सांगितलं. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. केंद्रावर वाळूचे दोन मोठे गाळे होते. एक फुटला होता, म्हणून बंद. दुसऱ्याची वरची साय खरवडून काढली होती आणि तो पुन्हा पिकायला निदान आठ दिवस हवे होते. तोवर गावाला टँकर. तिसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, कुणीतरी मोठा माणूस गावात येणार आहे, नळाला पाणी पाहिजे. आप्पा म्हणाले, गाळा पिकलेला नाही, ब्लीचिंग पावडरही संपत आलीय. साहेब स्वतः आले, हौदात डोकावले आणि म्हणाले, काशीद, एवढं स्वच्छ पाणी आहे, उगाच घाबरता काय.

"मी झडप उघडली," आप्पा म्हणाले. "कुणी हात धरला नव्हता. नाही म्हणता आलं असतं. चार दिवसांत खालच्या आळीत साठ माणसं जुलाबांनी पडली. वाचली सगळी. एक वाचली नाही. सुंदरा भोई. पाच-सहा वर्षांची मुलगी होती तिला. चौकशीत साहेब म्हणाले, झडप ऑपरेटरनं उघडली. खोटं नव्हतं ते."

मी पिशवी घेऊन तशीच उभी होते. मला रडू फुटलं होतं. आप्पांनी ती माझ्या हातातून घेतली आणि सावलीत ठेवली.

"यांचा काय दोष," ते म्हणाले. "किती वेळ टिकतील पिशवीत?"

मी इक्बालभाईंना फोन लावला. आधी खोटं बोलल्याची कबुली दिली. ते रागावले नाहीत. "ऑक्सिजन भरलाय, उद्या सकाळपर्यंत काही होत न्हाई. पण ताई, रात्रीत तुमचा फिल्टर कसा तयार होणार?"

आप्पांनी फोन मागितला. "इक्बालभाई, तुमच्या सगळ्यात जुन्या टाकीतला स्पंज किती वर्षांचा?"

"असंल की सहा वर्षांचा."

"तो मला द्या. मी नवा देतो."

पलीकडं इक्बालभाई हसले. "काका, हे माझ्या डोक्यात का आलं न्हाई? पिकलेला स्पंज तुमच्या टाकीत टाकला की झालं काम. पण तो वाळता कामा नये, आणि हवा लागंल त्याला. मी पेठनाक्यापर्यंत आणतो. तुम्ही तिथवर या."

साडेअकराचं ऊन. भारनियमनात वीज गेलेली. मी स्कूटी बाहेर काढली तर आप्पा चपला घालून, बादली, नवा स्पंज आणि बॅटरीचा छोटा हवापंप घेऊन तयार.

"आप्पा, हायवे आहे. तीस किलोमीटर."

"बादली कोण धरणार?"

नोकरी सोडल्यापासून आप्पा मंडईपलीकडे गेले नव्हते. ते माझ्यामागे बसले, एक हात माझ्या खांद्यावर. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. मी साठाच्या वर काटा नेला की ते म्हणायचे, "सावकाश," आणि जरा वेग कमी केला की म्हणायचे, "का थांबलीस?" वाटेत मला हसू आवरेना. मागून तेही हसत असावेत, कारण खांद्यावरचा हात हलत होता.

पेठनाक्यावर चहाच्या टपरीशी इक्बालभाई मोटारसायकल लावून उभे होते. हँडलला डबा लटकवलेला, डब्यात काळपट स्पंज, पाण्यात बुडवून. आप्पांनी बोटानं तो दाबला, वास घेतला.

"मातीचा वास येतोय," ते म्हणाले. "पहिल्या पावसानंतर शेताचा येतो तसा. पिकलाय."

"आमच्या अब्बांच्या टाकीतला हाय काका. जपा."

आप्पांनी नवा स्पंज त्यांच्या हातात दिला. चहा प्यायला वेळ नव्हता. जुना स्पंज बादलीत, हवापंप सुरू, बादली आप्पांच्या मांडीवर. परतताना दर दोन मिनिटांनी मी विचारायचे, "बुडबुडे येतायत?" आणि मागून उत्तर यायचं, "येतायत."

कासेगाव ओलांडल्यावर उत्तर आलं नाही.

"आप्पा?"

"बॅटरी गेली."

मी गाडी कडेला घ्यायला लागले. "थांबू नको," ते ओरडले. आरशात पाहिलं तर त्यांनी बाही कोपरापर्यंत सरकवली होती आणि ओंजळीनं पाणी वर उचलून पुन्हा बादलीत सोडत होते. उचलायचं, सोडायचं. कराडपर्यंत, अर्धा तास, ते थांबले नाहीत. दोघंही कमरेपर्यंत भिजलो. कोल्हापूर नाक्यावरचा पोलीस आमच्याकडं बघतच राहिला.

घरी पोहोचलो तेव्हा वीज आली होती. आप्पांनी ओल्या कपड्यांनिशीच स्पंज टाकीत बसवला, नळी जोडली. आम्ही अर्धं पाणी बदललं, क्लोरीन उडून जावं म्हणून आदल्या दिवशी उघड्या पिंपात भरून ठेवलेलं. सहा वाजता चाचणी घेतली. फिकट हिरवं.

"उतरतंय," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी खाली आले तर ते परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. त्यांनी ती माझ्या हातात दिली. पिवळी. लिंबाच्या सालीसारखी पिवळी. तरी त्यांनी पुन्हा एकदा चाचणी करायला लावली, या वेळी माझ्या हातानं. पुन्हा पिवळी.

पिशवी अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. मग तोंड उघडलं, टाकीचं पाणी थोडं थोडं आत घातलं.

"आप्पा, तुम्ही सांगाल तेव्हाच," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा परीक्षानळीकडं पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणणार.

"सोड," ते म्हणाले.

मी जाळीनं चार-चार मासे उचलून सोडले. आधी ते सगळे पानांआड लपले. मग एक निळी रेघ बाहेर आली, मागून दुसरी, आणि एकदम सगळा थवा वळून टाकीभर पसरला. मोजायला गेलं की हलायचे. मी तीनदा चुकले. आप्पांनी मोजले. चोवीस.

उद्घाटनाच्या दिवशी दवाखान्यात उभं राहायला जागा नव्हती आणि दाताकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पा टाकीजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि जो येईल त्याला फिल्टर समजावून सांगत होते. उदय माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "यांना काय झालंय?" मी म्हटलं, नंतर सांगते.

पुढच्या रविवारी चोवीसच्या चोवीस मासे जिवंत होते. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, "स्टँडवर सोड." कुठं जाताय, ते मी विचारलं नाही. एसटीवरची त्या गावाची पाटी मी वाचली होती.

संध्याकाळी आणायला गेले तेव्हा ते फलाटाच्या कट्ट्यावर बसले होते. दमले होते. मी गाडी सुरू न करता उभी राहिले.

"भेटली सुंदराची मुलगी?" मी विचारलं.

"भेटली. मोठी झालीय. शिवणाचे क्लास घेते. मी कोण ते सांगितलं. सगळं सांगितलं. झडपेचं, साहेबांचं, आणि मी नाही म्हटलं नाही, तेही."

"काय म्हणाली?"

"रडली. मग तिनं विचारलं, आईचा चेहरा तुम्हाला आठवतो का. मी म्हटलं, हो, आठवतो, केंद्रावरच्या नळावर यायची ती. तेवढं सांगत बसलो तिला, तासभर."

ते उठले आणि मागच्या सीटवर बसले. मी चावी फिरवली. खांद्यावर त्यांचा हात आला.

"पण आत गेल्यावर सगळ्यात आधी, मी काही बोलायच्या आधी," आप्पा म्हणाले, "तिनं मला पाणी आणून दिलं."